दोरी बांधण्यापूर्वी

शिबारी म्हणजे बांधणे, किनबाकू म्हणजे घट्ट बांधणे; दोन्ही शब्द जपानी. कामुक कला म्हणून दोरीने बांधण्याच्या या प्रकाराचा जनक बहुधा चित्रकार इतो सेइउ (१८८२–१९६१) यांना मानतात.

• दोरी: बहुतेकदा तागाची, ६ मिमी जाड, ७-८ मीटर लांब.

• धोक्याची जागा दंड. तिथे रेडियल मज्जातंतू हाडाला लागून जातो. दाबला गेला तर मनगट लुळे पडते. मुंग्या आल्या, बोटे उचलेनात, तर दोरी लगेच काढायची. गाठ सुटत नसेल तर कापायची. बोथट टोकाची कात्री हाताशी हवीच.

• गळ्याभोवती दोरी नाही. बांधलेल्याला एकटे सोडायचे नाही.

• थांबण्याचा शब्द आधी ठरवायचा. संमती कधीही मागे घेता येते.

• ‘मंच’ (व्यासपीठ नव्हे!): या कलेत रस असणाऱ्या नवख्यांसाठी कॅफेतली ओळखभेट. साधे कपडे, चहा-कॉफी, गप्पा. दोरी नाही.