नवे बूट का घसरले?

कामठ्याहून आम्ही काही शिक्षक हिवाळ्यात मुलांना घेऊन दरेकसा परिसरातल्या डोंगरांवर जातो. गोंदियाहून डोंगरगडकडे जाणाऱ्या गाडीने दरेकसा स्टेशनवर उतरायचे आणि चालू लागायचे. अशाच एका सहलीत नववीतली एक मुलगी ओढ्याकाठच्या ओल्या खडकावर घसरली आणि तिचे मनगट मुरगळले. तिच्या पायांत सहलीसाठी मुद्दाम घेतलेले नवे बूट होते. तिच्यामागून जुनी रबरी सँडल घातलेला एक मुलगा त्याच खडकावरून सहज पार झाला. "सर, माझे बूट चांगले नव्हते का?" तिने विचारले. वडिलांनी काटकसर करून ते घेतले होते. त्यामुळे नुसते "जपून चाल" एवढे सांगून आम्हाला सुटता येईना.

पायाखालचा खडक

ज्वालामुखीचा खडक म्हटले की आपल्याला सह्याद्रीतला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, आठवतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांवर थर साचून तो तयार झाला. कामठ्याच्या आसपास धानाच्या बांध्या दिसतात, काळा पाषाण दिसत नाही. त्यामुळे आपल्याकडे ज्वालामुखी कधी नव्हताच, असे मुलांना वाटते. पण सालेकसा-दरेकसा भागात 'बिजली रायोलाइट' नावाचा खडक आहे. तोही ज्वालामुखीतूनच आला, आणि तो २०० कोटी वर्षांहून जुना आहे.

या दोन खडकांत चालणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक आहे. बेसॉल्टमध्ये सिलिका सुमारे ५० टक्के असते, तर रायोलाइटमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास. रायोलाइट बारीक कणांचा आणि कठीण असतो. तो फुटला की धारदार कपच्या निघतात. पातळ तळाच्या चपलेतून त्या पायाला टोचतात. बेसॉल्टचे कातळ कोरडे असताना खरबरीत असतात, पण त्यावर झिजून सुटलेला मुरूम पसरलेला असला तर खडे छर्‍यांसारखे फिरतात आणि उतारावर पाय निसटतो.

पकड येते कुठून?

कठीण खडकाचा पृष्ठभाग डोळ्यांना सपाट वाटला तरी त्यावर असंख्य बारीक उंचवटे असतात. मऊ रबर शरीराच्या भाराखाली दबून या उंचवट्यांभोवती बसते. खडक आणि रबर यांचा प्रत्यक्ष स्पर्श जितका चांगला, तितकी पकड चांगली. कडक प्लॅस्टिकचा तळ दबत नाही. तो उंचवट्यांच्या माथ्यांवर नुसता टेकतो.

मध्ये पाणी आले की स्पर्शच तुटतो. तळाला खाचा असतील तर दाबाखाली पाणी त्यांतून बाजूला निघून जाते. मोटारीच्या टायरला खाचा असतात त्या याचसाठी. मात्र खडकावर शेवाळ असेल तर रबर खडकापर्यंत पोचतच नाही. तिथे कितीही महागडा बूट कामाचा नाही. वाट बदलणे हाच उपाय.

मातीच्या उतारावर गणित पुन्हा बदलते. तिथे तळाच्या उंच दात्यांनी मातीत रुतायला हवे. दाते फार जवळजवळ असतील तर चिखल त्यांत अडकून तळ गुळगुळीत होतो. धुऱ्यांवरून चालणाऱ्या आमच्या मुलांना हे सांगावे लागत नाही.

चुकीच्या पादत्राणांची किंमत गिर्यारोहकांनीही मोजली आहे. १९३५ साली इटालियन आल्प्समध्ये सहा गिर्यारोहक मृत्युमुखी पडले. त्यांचे बूट तिथल्या हवामानाला अपुरे होते. त्यांचे सहकारी विताले ब्रामानी यांनी त्यानंतर दातेदार रबरी तळ तयार केला. आजच्या डोंगरी बुटांचे तळ त्याच वळणाचे आहेत.

करून पहा

हा प्रयोग वर्गात एका तासात होतो. एक खरबरीत, सपाट दगडी फरशी घ्या. तिच्यावर एक बूट ठेवा आणि फरशीचे एक टोक हळूहळू उचला. बूट घसरू लागेल त्या क्षणी थांबा. उचललेल्या टोकाची उंची आणि फरशीखालचे आडवे अंतर मोजा. उंचीला आडव्या अंतराने भागले की घर्षणांक मिळतो. उंची ३० सेंमी आणि अंतर ५० सेंमी असेल तर घर्षणांक ०.६.

आता बुटात दगड भरून पुन्हा मोजा. कोन जवळजवळ तोच राहतो, हे पाहून मुलांना आश्चर्य वाटते. वजनाने घर्षण वाढते, पण खाली ओढणारे बलही त्याच प्रमाणात वाढते. मग फरशी ओली करून, तिच्यावर बारीक मुरूम पसरून आणि शेवटी चिखल लावून मोजा. वर्गातल्या निरनिराळ्या चपला, सँडल, बूट यांचा तक्ता करा. कोरड्या फरशीवर पहिला आलेला बूट ओल्या फरशीवर पहिला येईलच असे नाही.

निवडताना

तळ रबरी हवा. अंगठ्याच्या नखाने दाबल्यावर तो किंचित दबावा, पण कपच्या टोचणार नाहीत इतका जाड असावा. दाते ठळक आणि सुटे असावेत. चालून पाय थोडे फुगतात, म्हणून खरेदी संध्याकाळी, मोजे घालून करावी. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा ठेवावी, नाहीतर उतरताना नखे ठेचतात. टाच मात्र हलता कामा नये. नवे बूट सहलीआधी आठवडाभर वापरावेत.

जुने बूट घालण्यापूर्वी तळ वाकवून पाहावा. काही बुटांच्या तळात पॉलियुरेथेन असते. हवेतल्या ओलाव्याने ते न वापरताही आतून कुजते. आमच्या एका सहकाऱ्यांचे कित्येक वर्षे कपाटात ठेवलेले बूट उतारावर उघडले आणि दुपट्ट्याने बांधून त्यांना स्टेशन गाठावे लागले.

त्या मुलीचा बूट आम्ही फरशीवर तपासला. कोरड्या फरशीवर तो ठीक होता. ओल्यावर सगळ्यांत आधी घसरला, कारण तळ कडक प्लॅस्टिकचा आणि जवळजवळ गुळगुळीत होता. बूट वाईट नव्हता, तो सडकेसाठी होता. तिने तो शाळेसाठी ठेवला आणि पुढच्या सहलीला भावाची रबरी सँडल, मागचा पट्टा घट्ट करून, घालून आली. खर्च काहीच आला नाही. निघण्याआधी तिने ती फरशीवर ओली करून तपासली होती.