कान जुने, ओठ नवे



या अंकासाठी खोडव्याच्या निगराणीवर चार शब्द लिहा, असे संपादकांनी आम्हाला सांगितले होते. पाचट ठेवावे की जाळावे, बुडखे कधी छाटावेत, हे सांगणारे आमच्यापेक्षा जाणते सभासद गटागटात बसलेले आहेत. त्यांनी ते लिहावे. आम्ही मात्र आज एका वेगळ्याच गोष्टीची कबुली देणार आहोत. ओढ्याकडच्या मळ्यात रात्री-अपरात्री काहीतरी भोंग्यासारखे वाजते, कोल्हा आहे की भूतबाधा, अशी चर्चा गेली दोन वर्षे आपल्या भागात चालू होती. तो आवाज आमचा होता. म्हणजे आमच्या ट्रंपेटचा.

जुन्या मंडळींना आठवत असेल, आपल्या गावाला एकेकाळी अकरा जणांचा बँड होता. आम्ही त्यात १९७९ ते १९९१ अशी बारा वर्षे ट्रंपेट वाजवला. वयाच्या सतराव्या वर्षी मास्तरांनी आम्हाला हाताशी धरले. मास्तर स्वतः क्लॅरोनेट वाजवीत. नोटेशन वगैरे काही नाही, सगळे कानावर. तंबूतल्या सिनेमाला ते बाहेर उभे राहून चाली टिपीत आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडून घोटून घेत. 'अलबेला' या १९५१ च्या चित्रपटावर त्यांची विशेष भक्ती. त्याचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे आपल्या गोदाकाठच्या पुणतांब्यात जन्मलेले रामचंद्र चितळकर. ट्रंपेटमध्ये त्यांचा उजवा हात होता गोव्यातल्या हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ. मुंबईला त्याला चिक चॉकलेट म्हणून ओळखत. ताजमहाल हॉटेलात त्याचा बँड वाजे आणि 'अलबेला'त तो आपल्या साथीदारांसह पडद्यावरही दिसतो. "तो बघ, फुंकताना गाल फुगवत नाही," असे मास्तर आम्हाला पन्नास वेळा सांगत. पुणतांब्याचा शब्द नि हळदोण्याची फुंक, असे ते म्हणत, आणि आम्ही वरातीपुढे चालता चालता त्याची नक्कल करीत असू.

१९९१ ला वडील गेले, जमीन अंगावर आली, बँडमधले दोघे पुण्याला कंपनीत लागले. ट्रंपेट गोणपाटात गुंडाळून माळ्यावर गेला. तीन वर्षांनी दावणीला बैलाने मान झटकली आणि आमचे वरचे पुढचे दोन दात पडले. त्या जागी काढ-घाल करायची पट्टी आली. तेव्हा वाटले, आता प्रश्नच मिटला.

तो मिटला नव्हता. २०२३ च्या चैत्रात यात्रेचा छबिना निघाला. पुढे डॉल्बी. मास्तर आता ऐंशीच्या पुढे, डोळ्यांनी जवळजवळ अधू, दम्यामुळे क्लॅरोनेट कधीच सुटलेले. ओट्यावर बसले होते. डॉल्बी समोरून गेला तसे घरातली भांडी वाजली आणि मास्तरांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. सगळे पुढे गेल्यावर म्हणाले, "अकरातले आपण तिघं राहिलो. त्यातला फुंकण्याजोगा तू एकटाच. एखाद्या छबिन्याला मला ऐकव की रे." आम्ही हो म्हणून बसलो. काय सांगत होतो ते आमचे आम्हालाच कळले नव्हते.

माळ्यावरून वाद्य काढले तर तिन्ही चाव्या घट्ट धरलेल्या. मेरठची बनावट, पितळ जाड, म्हणून टिकला. पण जोडांवर हिरवा थर चढलेला. रॉकेल आता सहज मिळत नाही, तेव्हा कोमट पाणी, साबण आणि पातळ तेल यांवर आठ दिवस घालवले. चाव्या सुटल्या. आम्ही ओठाला लावला, बारा वर्षांची सवय, छाती भरून फुंक मारली. हवा गेली. नुसती हवा. गोठ्यातल्या म्हशीने सुद्धा मान वर केली नाही.

ज्यांनी हे वाद्य हाती घेतलेले नाही त्यांना याची मौज कळावी म्हणून थोडे सांगतो. पेटीत सूर पट्टीत असतो. दाबली की वाजते. ट्रंपेटमध्ये सूर नसतो. ती एक जवळजवळ पाच फूट लांबीची, वळवलेली नळी. नेहमीचा ट्रंपेट काळी पाचच्या पट्टीतला. त्याला तीनच चाव्या. मधली दाबली तर सूर अर्ध्याने उतरतो, पहिलीने एक पूर्ण, तिसरीने दीड. मग एवढे सगळे सूर येतात कोठून? तर ओठांतून. एकही चावी न दाबता खालचा सा, मग प, वरचा सा, वरचा ग, वरचा प असे सूर निघतात आणि त्यांतला कोणता निघायचा ते ओठ किती आवळलेत आणि हवा कशी सोडली यावर ठरते. वरचा सा वाजवताना ओठ सेकंदाला सुमारे ४६६ वेळा उघडझाप करतात. वरच्या गंधाराला ५८७ वेळा. हे काम ओठांभोवतीच्या एका वाटोळ्या स्नायूचे. बत्तीस वर्षे त्याने फार तर चहाची बशी फुंकली होती.

आणि दुखणे असे की, कान काही बत्तीस वर्षांनी म्हातारे झाले नव्हते. कानांना चिक चॉकलेटची फेक आठवत होती. बोटेही चाव्यांवर आपली आपण पळत. फक्त ओठ नवशिक्याचे. ज्याने कधीच वाजवलेले नाही त्याला पहिला प आला तरी आनंद होतो. आम्हाला त्या प ची लाज वाटे, कारण तो कसा वाजायला हवा ते माहीत होते. परत येणाऱ्याचे खरे संकट हेच. त्याला आपलीच जुनी उंची दिसत असते.

लाज वाटली की माणूस जोर करतो. दिवाळीपर्यंत आम्ही वरच्या सा पर्यंत आलो आणि तिथे गाडे रुतले. गाणे म्हणून काही वाजवायचे तर वरचा प तरी हवा. यात्रा चैत्रात. मग आम्ही रोज दोन-दोन तास बसलो आणि वाद्य तोंडावर दाबू लागलो. दाबले की सूर क्षणभर वर चढतो, हे खरे. पण दाबाने ओठातले रक्त हटते, तो बधिर होतो, मग आणखी दाबावे लागते. आमची ती दातांची पट्टी हिरडीत रुतून रक्त येऊ लागले. घरच्या मंडळींनी ताट वाढताना एकदाच विचारले, "तोंडाला काय मार लागलाय?" २०२४ चा छबिना आला तेव्हा ओठ टोमॅटोसारखा सुजलेला. मास्तरांकडे आम्ही गेलोच नाही. डॉल्बी पुन्हा त्यांच्या दारावरून गेला. त्या रात्री आम्ही मागच्या दाराने मळ्यात जाऊन बसलो होतो, हे आजपर्यंत कोणाला सांगितलेले नाही.

वाद्य पुन्हा गोणपाटात गेले. दोन महिने तसेच. मग नातवाने, तो इंजिनियरिंगला आहे, सुट्टीत मोबाईलवर एका अमेरिकन वादकाची माहिती काढून दाखवली. चेट बेकर त्याचे नाव. फार हळुवार वाजवणारा. अमली पदार्थांच्या नादी लागलेला, त्या बाबतीत त्याचा कित्ता कोणी गिरवू नये. १९६६ साली सॅन फ्रान्सिस्कोकडे त्याला मारहाण झाली, दातांची वाट लागली आणि पुढे वरची कवळी बसवावी लागली. मध्यंतरी पेट्रोल पंपावर काम केले असे तो स्वतःच सांगे. कवळी बसवून त्याने ओठ नव्याने घडवला आणि १९७४ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये जेरी मलिगन याच्याबरोबर वाजवला. त्यानंतर १९८८ साली मरेपर्यंत तो वाजवतच होता. नातू म्हणाला, "आबा, याला तर तुमच्यापेक्षा जास्त दात नव्हते." लुई आर्मस्ट्राँग तर ट्रंपेटचा दादा माणूस, पण ओठावर इतका जोर की १९३४-३५ च्या सुमारास त्यालाही काही महिने वाजवणे बंद ठेवावे लागले. ओठाचा तो स्नायू फाटण्याच्या दुखण्याला डॉक्टर मंडळी त्याच्याच टोपणनावावरून सॅचमो सिंड्रोम म्हणतात. म्हणजे आम्ही ज्या रस्त्याने निघालो होतो, त्याचा शेवट कोठे होतो हे कळले.

पावसाळा सरला आणि आडसालीला पाण्याच्या पाळ्या सुरू झाल्या. आपल्याकडची शेतीची लाईट आपणा सर्वांना ठाऊक आहे. आमची पाळी रात्रीची आली. घरी वाजवायची सोय नव्हती, शेजारी कावलेले; मोटरीच्या खोलीपाशी चारी बाजूंना पुरुषभर ऊस, तो आवाज गिळतो. तेव्हा खोरे आणि ट्रंपेट दोन्ही घेऊन जाऊ लागलो. पाणी सरीत सोडायचे, मग वाजवायचे. दहा मिनिटे होतात न होतात तोच सरी भरते. उठायचे, दारे मोडायचे, पाणी पुढच्या सरीला लावायचे, बांधावरून फिरून यायचे. पुन्हा दहा मिनिटे. आम्हाला आधी याचा राग येई. धड चार आलाप होत नाहीत तोच पाणी बोलावते.

पण तीन आठवड्यांत ओठावरचा वळ गेला. वाजवण्याइतकीच विश्रांतीही घ्यावी, हे या वाद्याचे शिक्षक पहिल्या धड्यात सांगतात असे नातवाने नंतर शोधून काढले. आम्हाला ते पाण्याने शिकवले. आणखी एक झाले. रात्री जोराने वाजवायची भीड वाटे, राखणीला आजूबाजूला माणसे असतात. म्हणून हळू वाजवू लागलो. एकच सूर, लांब, जितका बारीक धरता येईल तितका. पट्टी हलते म्हणून दाबताही येत नव्हते. वरच्या सा च्या पुढे जायचे नाहीच, असे ठरवून टाकले.

डिसेंबरातली गोष्ट. थंडी मरणाची. चौथ्या की पाचव्या सरीनंतर परत येऊन बसलो, बोटे गारठलेली, म्हणून चाव्या न दाबताच सा लावला. तो लांबवता लांबवता हवा किंचित पुढे ढकलली आणि सूर आपोआप सरकून वरच्या गंधारावर जाऊन बसला. न फाटता. हलका. आम्हीच दचकलो. दहा महिने ज्याच्यासाठी तोंड फोडून घेतले, तो असा बिनबोलावता आला. पुन्हा लावला, पुन्हा आला. सात वेळा आला. इकडे सरी फुटून पाणी शेजाऱ्याच्या गव्हात गेले, त्याबद्दल त्यांची माफी आम्ही मागितलेली आहे.

दुसऱ्या रात्री घाईघाईने गेलो. गंधार नाही. तिसऱ्या रात्री नाही. चौथ्या रात्री आम्ही पुन्हा दाबायला लागलो आणि स्वतःच्याच हातावर चापट मारली. आला तो सहाव्या दिवशी. मग आठवड्यातून दोनदा, मग एक दिवसाआड. वरच्या प नेही पुढे असेच केले. एकदा दर्शन आणि मग लपंडाव.

याच सुमारास आमची तोड होती. वजनाची पावती घ्यायला कारखान्यावर गेलो असता ओळखीच्या पॅनमनकडे डोकावलो. त्यांनी पॅनमधला नमुना काचेच्या पट्टीवर घेऊन उजेडात धरला होता. रस आटत आटत एका टप्प्याला येतो आणि मग दाणा दिसतो, हे आपण ऐकून असतो. पूर्वी तो आपोआप धरेपर्यंत नुसती वाट पाहात, आता बी देतात. आम्ही विचारले, जरा जास्त आटवून घाई केली तर? "धरतो ना दाणा," ते म्हणाले, "पण फॉल्स ग्रेन. बारीक भुकटी. सगळा पॅन नासतो. मग पाणी मारून विरघळवा आणि बसा परत." आम्ही त्यांना ओठाबद्दल काही बोललो नाही. पाळी बदलायची वेळ झाली होती.

२०२५ च्या चैत्रात मंडळाच्या पोरांना सांगून ठेवले होते. मास्तरांच्या दाराशी डॉल्बी दहा मिनिटे बंद ठेवायचा. पोरांनी शब्द पाळला, हे नमूद केले पाहिजे. एका ढोलकीवाल्याला बरोबर घेतले. तीन चाली वाजवल्या. पहिली भक्तिगीताची, बरी गेली. दुसरी मास्तरांच्या 'अलबेला'तली. त्यात वरचा गंधार चार वेळा येतो, तीन वेळा लागला, एकदा फुटला आणि गर्दीतली पोरे हसली. तिसऱ्या चालीच्या अखेरीस ओठच सुटला. हवा, नुसती हवा. उरलेली ओळ ढोलकीने ओढून नेली.

आम्ही ओट्याजवळ गेलो. मास्तर भिंतीला टेकून, मान वाकडी करून ऐकत होते. डोळे पुसतील, पाठीवर थाप देतील, असे काहीतरी आमच्या मनात होते, खोटे कशाला सांगा.

"वरचा गंधार उतरतोय तुझा," ते म्हणाले. "आणि अजून घाई करतोस. उद्या वाद्य घेऊन ये."

"मास्तर, उद्या खोडव्याला पाण्याची पाळी आहे."

"मग पाणी पाजून ये."