हातावरचे पोट, देवावरचा भरवसा

'असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी' ही म्हण आपल्याकडे शिकल्यासवरल्या माणसांनी आळशाला टोचण्यासाठी राखून ठेवली आहे. दैवावर विसंबणारा समाज मागे पडतो, हे आपण पाठ्यपुस्तकांतून शिकतो आणि पुढे शिकवितोही. अर्थशास्त्राच्या वर्गात उत्पन्न, उपभोग आणि बचत यांचे रकाने असतात. श्रद्धेला रकाना नसतो. परंतु ज्याचे पोट खरोखर हातावर आहे, तो माणूस 'देव देईल' असे म्हणतो तेव्हा नेमके काय म्हणत असतो, हे समजून घ्यावयाचे तर दाभोळसारख्या बंदराकडे पाहावे लागते.

दापोली तालुक्यात, वाशिष्ठीच्या मुखाशी वसलेल्या या गावाने वैभव आणि वैभवाची आश्वासने पुष्कळ पाहिली. बहमनी काळात पश्चिम किनाऱ्यावरील मोठ्या बंदरांत त्याची गणना होती. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज आरमाराने ते जाळले. आपल्या काळात, खाडीपलीकडे गुहागरच्या बाजूस उभ्या राहिलेल्या एन्‍रॉनच्या वीज प्रकल्पाने 'दाभोळ' हे नाव जगभर नेले. १९९३ साली करार झाला, १९९९ साली पहिल्या टप्प्याची वीज आली आणि २००१ साली प्रकल्प बंद पडला. त्याच वर्षी ती अमेरिकन कंपनीही दिवाळखोरीत गेली. जगातील अत्यंत हिशेबी मंडळींचे अंदाज या खाडीच्या काठी चुकले, ही गोष्ट श्रद्धाळू माणसाच्या भोळेपणाला हसण्यापूर्वी ध्यानात ठेवलेली बरी. या साऱ्यातून टिकून राहिली ती मासेमारी.

मासेमारीचा धंदा मोठा विलक्षण आहे. शेतकऱ्याला निदान आपण काय पेरले हे ठाऊक असते; मच्छीमार पेरीतच नाही. डिझेल आणि बर्फ यांचा खर्च आधी करावयाचा, आणि जाळे वर येईपर्यंत त्यात काय आहे हे कोणासही सांगता यावयाचे नाही. मिळकतीची परंपरागत रीतही या अनिश्चिततेला धरूनच बसली आहे. खर्च वजा जाता होडीचा व जाळ्याचा वाटा मालकाकडे जातो, उरलेले तांडेल आणि खलाशी यांच्यात वाटले जाते. मासळी नाही तर वाटाही नाही. आता पुष्कळ यांत्रिक नौकांवर पगारी खलाशी असतात आणि त्यांतले कित्येक तर थेट नेपाळातून आलेले असतात. तरीही मालकाच्या डोक्यावरची अनिश्चितता त्यामुळे कमी झालेली नाही. दक्षिण कोकणातील रापणीत तर दोर ओढावयास हात लावणाऱ्यालाही वाटा मिळण्याची रीत आहे. जे मिळाले ते आपल्या एकट्याच्या कर्तबगारीचे नव्हे, हे मान्य केल्याखेरीज अशी वाटणी सुचत नाही. कृतज्ञता हा शब्द तेथे कोणी उच्चारीत नसेल, पण हिशेबात ती धरलेली असते.

आणि हा भरवसा खाटल्यावर बसून राहिलेला नाही. पावसाळा तोंडावर आला की कोकणच्या किनाऱ्यावर आगोटीची बेगमी सुरू होते. बोंबील, जवळा, सोडे उन्हात वाळतात. त्यांतले काही बाजारात जातात, काही घरात राहतात. हे काम प्रामुख्याने बायकांचे. दर्या बंद असण्याच्या काळात घर चालते ते देवाच्या कृपेने, असे घरातील वडीलधारे म्हणतील. ती कृपा मे महिन्याच्या उन्हात उलटीपालटी करून कोणी वाळविली, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असते. या दोन विधानांत त्यांना विरोध दिसत नाही, आणि मलाही दिसत नाही.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर खारवी, कोळी, भोई आहेत तसे दालदी मुसलमानही आहेत. इस्लाममध्ये अन्नदात्यावरच्या या विश्वासाला तवक्कुल म्हणतात. त्याविषयी सांगितली जाणारी शिकवण प्रसिद्ध आहे : उंट आधी बांध, मग भरवसा ठेव. ख्रिस्ती प्रार्थनेतही भाकर मागितली जाते ती आजच्या दिवसापुरती, कोठारभर नव्हे. तुकोबांविषयी परंपरा सांगते की, त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली. देवावर विश्वास ठेवणाऱ्याने दुसऱ्याच्या गळ्यातील फास सैल केला, हे त्या कथेतील मर्म आपण बहुधा विसरतो.

नारळी पौर्णिमेचा नारळ याच दृष्टीने पाहावा. मासळी मिळण्यापूर्वीच आभार मानण्याचा हा सोहळा आहे. आणि तो होईपर्यंत होडी लोटावयाची नाही, ही जुनी शिस्त आहे. पावसाळा हा पुष्कळ माशांच्या प्रजननाचा काळ. तेव्हा श्रद्धेने घातलेली ही बंदी दर्यातील भांडवल वाढू देणारी होती. २०१५ पासून पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची सरकारी बंदी आहे. पंचांग आणि परिपत्रक यांचा मेळ नेहमीच बसतो असे नाही. २०२३ साली अधिक श्रावण आला आणि नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला पडली. बंदी मात्र ३१ जुलैलाच संपली होती. तो मधला महिना थांबावे की जावे, हा प्रश्न नियमाने सुटत नाही. शेजारची नौका गेली तर आपली किती दिवस किनाऱ्यावर ठेवावयाची? सामाईक संपत्ती वापरणारे लोक स्वतःचे नियम करून ती टिकवू शकतात, हे दाखविणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्यासाठी शेजारी नियम पाळील अशी खात्री लागते. देवावरचा भरवसा पुष्कळांजवळ असतो. शेजाऱ्यावरचा तुटला की दर्या रिकामा होऊ लागतो.

महाराष्ट्रात सागरी मासेमारी नियमनाचा कायदा १९८१ पासून आहे. पर्ससीन जाळ्यांवर शासनाने २०१६ साली निर्बंध घातले, प्रखर दिव्यांच्या झोतात मासे गोळा करून पकडण्यास केंद्र सरकारने २०१७ साली मनाई केली. पण दिव्यांची मासेमारी थांबत नाही, अशी पारंपरिक मच्छीमारांची तक्रार पुढेही चालूच राहिली. त्यातही पर्ससीनवाल्याला कर्जाचे हप्ते असतात, हे मान्य केले पाहिजे. तरीही आजच सारे ओढून घेणाऱ्याचा उद्यावर विश्वास नसतो, मग नौकेवर कोणत्याही देवाचे नाव असो.

आपण पगारदार माणसे. आपला अन्नदाता एक तारखेला येतो, आणि आला नाही तर आपण मोर्चा काढतो. भविष्य निर्वाह निधी आणि महागाई भत्ता यांच्या आधाराने निश्चिंत झालेल्या माणसाने हातावर पोट असलेल्याला समाधानाचा उपदेश करावा, हे मला नेहमीच ओशाळवाणे वाटत आले आहे. दाभोळच्या खाडीत तर तो उपदेश क्रूर ठरतो. वरच्या अंगाला लोटे-परशुरामची रासायनिक औद्योगिक वसाहत आहे. तिच्या सांडपाण्याने मासे मरतात, ही खाडीकाठच्या भोई मंडळींची तक्रार वर्षानुवर्षांची. देवाने दिलेले त्यांनी नाकारलेले नाही. ते वाटेतच नासविले गेले आहे. अशा माणसाला 'देव देईल' हे सांगण्याचा अधिकार सांडपाणी सोडणाऱ्याला नाही, आणि त्याकडे काणाडोळा करणाऱ्यालाही नाही.

२०२० साली सुरू झालेल्या केंद्राच्या मत्स्यसंपदा योजनेत मासेमारी बंद असण्याच्या काळासाठी एक तरतूद आहे. मच्छीमाराने १,५०० रुपये भरावयाचे, सरकारने ३,००० घालावयाचे, आणि ते ४,५०० रुपये तीन महिन्यांत त्याला द्यावयाचे. दिवसाला ५० रुपये पडतात, आणि त्यांतले १६-१७ त्याचे स्वतःचेच असतात.