पत्रा आणि पाइप

रत्नागिरीत जुनी स्कूटर जपायची म्हणजे आधी खाऱ्या वाऱ्याशी झुंज. मांडवीपासून भाट्यापर्यंत लोखंडाला उसंत नाही, त्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. म्हणून व्हेस्पा घ्यावी की लँब्रेटा, हा शौकिनांचा जुना वाद इथे रंगावर किंवा वेगावर सुटत नाही. गाडीखाली आडवं होऊन बघावं लागतं.

दोन्ही गाड्या इटलीच्या, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पडझडीत जन्मलेल्या. पिआजिओ ही विमानं बनवणारी कंपनी. तिच्यासाठी १९४६ साली व्हेस्पा घडवली कोराडिनो दास्कानिओ या विमान-अभियंत्याने. त्याने वेगळा सांगाडा ठेवलाच नाही. पत्र्याचं कवच हाच सांगाडा. पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलेलं, इंजिन मागच्या चाकालगत उजवीकडे, मध्ये साखळी नाही. मिलानच्या लँब्राते भागातल्या फर्दिनांदो इनोचेंती यांचा धंदा मात्र पोलादी पाइपांचा. १९४७ साली त्यांची लँब्रेटा आली. तिच्या एलआय मालिकेतल्या गाड्यांचा कणा जाड पाइपचा, पत्रे वरून बोल्टने कसलेले. इंजिनाचं वजन मध्यभागी असल्याने वळणावर ती जास्त ठाम वाटते.

दोघी महाराष्ट्रातच मोठ्या झाल्या. लँब्रेटा भांडुपला ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाकडे, व्हेस्पा आकुर्डीला बजाजकडे. १९७१ मध्ये बजाजचा पिआजिओशी असलेला करार संपला आणि पुढच्याच वर्षी त्याच घडणीची बजाजची चेतक आली. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सने प्रिया काढली. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघितलेल्या त्या गाड्या घराघरात होत्या. गाडी तिरपी करून किक मारणारे वडील ज्यांनी पाहिलेत, त्यांना चेतकची ओढ का वाटते हे सांगावं लागत नाही. तिकडे इटलीत इनोचेंतीने लँब्रेटा बंद केली आणि तिचं यंत्रसामान १९७२ साली भारत सरकारने लखनौच्या कारखान्यासाठी विकत घेतलं. त्यातून विजय सुपर निघाली.

सुटे भाग हवेत तर बजाजला तोड नाही. क्लच केबल, पिस्टन, रबर सहज मिळतं आणि हात बसलेले मिस्त्री अजून आहेत. तरीही समुद्रकाठच्या माणसाने लँब्रेटा शोधावी, असं माझं ठाम मत आहे. व्हेस्पाच्या फूटबोर्डाखालच्या पट्ट्यांत लाल चिखल अडकतो, ओल धरतो आणि पत्रा आतून खातो. वरचा रंग मात्र चकाकत राहतो! तो पत्रा सडला की गाडीची ताकदच गेली. मग तळ कापून नवा वेल्ड करायचा, आणि तेव्हा गाडी जराही पिळली तर ती कायम एका अंगाला ओढते. लँब्रेटाचं शिल्ड, फूटबोर्ड, बाजूचे पत्रे सडले तर खोलून बदलता येतात. पाइप शाबूत असला की गाडी शाबूत. तो पाइपही आतून गंजतो, पण वरून हातोडीने हलके ठोकत गेलं की आवाजावरून पोकळ जागा कळते.

चेतकवरच जीव जडला असेल तर गाडी घाटावरची बघा. कराड-साताऱ्याच्या कोरड्या हवेत राहिलेली, तळाचा मूळ पत्रा टिकलेली. रंग उडालेला असला तरी चालेल. इथे आणल्यावर पहिला पाऊस पडायच्या आत तळ खरवडून गंजरोधक रंगाचे दोन हात द्या, आणि पावसाळाभर दर आठवड्याला गोड्या पाण्याने खालून धुवा.