गाड्यांविना सायकल, हैदराबादेत : गैरसमज आणि वस्तुस्थिती

हैदराबादच्या मराठी घरांत सायकलचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘इथे चालवणार कुठे?’ काचीगुडा, सुलतान बाजारात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुटुंबं तो विचारतात, आणि नोकरीनिमित्त गचीबावली, मणिकोंड्यात आलेली नवी कुटुंबंही. प्रश्न खरा आहे. रिक्षा, बस आणि दुचाक्यांच्या गर्दीत मुलाला किंवा साठीच्या आईला सायकलवर कोणी पाठवणार नाही. मात्र या प्रश्नाचं उत्तर ‘कुठेच नाही’ असं समजून सायकल बाल्कनीत गंजू देणंही बरोबर नाही. शर्यतीसाठी नव्हे, नुसतं निवांत फिरण्यासाठी ज्यांना सायकल चालवायची आहे, त्यांच्या मनातले काही गैरसमज इथे एकेक करून तपासू.

गैरसमज १ : हैदराबादेत गाड्यांपासून मोकळा सलग रस्ता नाहीच.

वस्तुस्थिती : आहे, आणि तो चांगला लांब आहे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी आउटर रिंग रोडच्या कडेने सायकलसाठी स्वतंत्र मार्ग खुला झाला. त्याला ‘हेल्थवे’ म्हणतात. त्याची एकूण लांबी २३ किलोमीटर. नानकरामगुडा ते तेलंगणा पोलीस अकादमी हा साडेआठ किलोमीटरचा एक भाग आणि नारसिंगी ते कोल्लूर हा साडेचौदा किलोमीटरचा दुसरा. साडेचार मीटर रुंद, तीन पदरी, आणि वर सौरपट्ट्यांचं छत.

आरामात ताशी पंधरा किलोमीटर वेगाने गेलं तर छोटा भाग एका बाजूने पस्तीस मिनिटांत होतो. मोठ्यांनी आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे छोट्या भागावर जाऊन-येऊन अशा दोन फेऱ्या मारल्या की आठवड्याचा जवळजवळ सगळा व्यायाम इथेच होतो. रस्त्याच्या कामासाठी एखादा तुकडा अधूनमधून बंद असू शकतो, म्हणून निघण्यापूर्वी नेहमी जाणाऱ्या कोणाला विचारून घ्यावं.

शहराच्या आतही जागा आहेत. कोत्तागुड्याच्या वनस्पती उद्यानाला लागून ‘पालपिट्टा’ सायकल उद्यान आहे. पालपिट्टा म्हणजे नीलपंख, तेलंगणाचा राज्यपक्षी. झाडीतून वळणं घेत जाणारी तिथली वाट लहान आहे, पण मुलांना शिकवायला आणि बऱ्याच वर्षांनी सायकलवर बसणाऱ्यांना हात बसवायला तिच्याइतकी सोयीची जागा नाही. हुसेनसागरच्या काठचा नेकलेस रोड वाहनांचा आहे, तरी भल्या पहाटे तो बराच रिकामा असतो.

गैरसमज २ : डोक्यावरचं सौरछत म्हणजे नुसती शोभा.

वस्तुस्थिती : छताची दोन कामं आहेत. या पट्ट्यांची वीजनिर्मितीची क्षमता १६ मेगावॉट ठरवलेली आहे, आणि त्याच पट्ट्या खालच्या सायकलस्वाराला सावली देतात. दख्खनच्या पठारावर सकाळी नऊनंतर ऊन किती लवकर तापतं, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. पावसाची सर आली तरी थांबावं लागत नाही. कल्पना दक्षिण कोरियातून आली. तिथे देजॉन आणि सेजोंग या शहरांना जोडणाऱ्या महामार्गावर असाच सौरछताखालचा मार्ग आहे. मात्र तिथे तो दोन्ही दिशांच्या वाहतुकीच्या मधोमध आहे. हैदराबादेत तो मुख्य रस्त्याच्या कडेला ठेवला, त्यामुळे आत-बाहेर करायला सोपा झाला.

गाड्यांचा आवाज इथे येतोच, तो लपवण्यात अर्थ नाही. ज्यांना शांतता हवी त्यांनी पुढचा मुद्दा वाचावा.

गैरसमज ३ : नदीकाठ म्हणजे मुसीचा वास, तिथे कोण सायकल चालवणार?

वस्तुस्थिती : शहरातली मुसी आणि शहराच्या वरची मुसी यांत फार फरक आहे. विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या टेकड्यांत उगम पावून ही नदी पूर्वेला येते, हैदराबादच्या मधून जाते आणि पुढे नलगोंडा जिल्ह्यात वाडपल्लीला कृष्णेला मिळते. शहरात तिच्यात सांडपाणी मिसळतं, हे खरं आहे. पण शहराच्या पश्चिमेला, गंडीपेटच्या बाजूला, पाणी, झाडी आणि निवांत रस्ते आजही आहेत. ते तिथे का टिकले, हे समजून घेण्यासारखं आहे.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला. हजारो माणसं गेली, शहराचा मोठा भाग वाहून गेला. असा पूर पुन्हा येऊ नये म्हणून निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा सल्ला घेतला. शहराच्या वर धरणं बांधून पाणी अडवावं, असं त्यांनी सुचवलं. त्यातून मुसीवर उस्मानसागर हा तलाव १९२० मध्ये, आणि तिला मिळणाऱ्या ईसी नदीवर हिमायतसागर १९२७ मध्ये तयार झाला. ईसी आणि मुसी यांचा संगम लंगर हौजच्या बापूघाटाजवळ होतो. उस्मानसागर म्हणजेच लोकांच्या तोंडचं गंडीपेट. पूर अडवण्यासाठी बांधलेल्या या तलावांनीच पुढे शहराची तहान भागवली.

पिण्याचं पाणी स्वच्छ राहावं म्हणून १९९६ मध्ये सरकारने १११ क्रमांकाचा आदेश काढला. दोन्ही तलावांच्या दहा किलोमीटर परिसरातल्या ८४ गावांत मोठी बांधकामं आणि प्रदूषण करणारे उद्योग यांवर त्यामुळे बंधनं आली. शहर पश्चिमेकडे झपाट्याने वाढत असतानाही हा पट्टा मोकळा राहिला. चिलकूर, मोईनाबादच्या बाजूच्या शेतांमधून, आमराया आणि ग्रॅनाइटच्या उघड्या खडकांमधून जाणारे जे अरुंद, तुरळक वर्दळीचे रस्ते रविवारी सकाळी सायकलस्वारांनी भरलेले दिसतात, त्यांच्यामागे शंभर वर्षांपूर्वीचा पूर आणि तीस वर्षांपूर्वीचा एक सरकारी कागद आहे. सायकलसाठी हा पट्टा कोणी राखला नव्हता. तो पाण्यासाठी राखला गेला, आणि त्याच्याबरोबर शांतता राहिली.

२०२२ च्या एप्रिलमध्ये सरकारने ही बंधनं उठवण्याचा आदेश काढला. म्हणजे आज जे आहे ते उद्या तसंच असेल, असं धरून चालता येणार नाही. या बाजूचे रस्ते पूर्णपणे गाडीमुक्त नाहीत, याचीही नोंद हवी. चिलकूरच्या बालाजीला शुक्रवार ते रविवार मोठी गर्दी असते. तेव्हा त्या दिवसांत तो रस्ता टाळावा किंवा उजाडताच फिरून यावं.

गैरसमज ४ : झाडी दिसली की सायकल आत न्यायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : हैदराबादला मोठी देणगी आहे. शहरात आणि शहराला लागून तीन राष्ट्रीय उद्यानं आहेत : ज्युबिली हिल्समधलं कासू ब्रह्मानंद रेड्डी, चिलकूरचं मृगवनी आणि वनस्थळीपुरमचं महावीर हरिण वनस्थळी. तिथे मोर, चितळ, काळवीट यांची वस्ती आहे. राष्ट्रीय उद्यानाला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू असतो. तिथे काय करता येईल हे वनविभाग ठरवतो, आपण नाही. ज्युबिली हिल्सच्या उद्यानातल्या वाटा पायी चालणाऱ्यांसाठी आहेत. झाडीतून सायकल चालवायची असेल तर ती मुद्दाम आखलेल्या जागी चालवावी, म्हणजे पालपिट्टासारख्या उद्यानात. वाट सोडून झुडपांत घुसल्याने जमिनीवर घरटी करणारे पक्षी उठतात आणि पहिल्या पावसात ती चाकोरी ओहोळ होऊन माती वाहून नेते.

गैरसमज ५ : इथल्या उन्हात वर्षातले दोन महिनेच सायकल चालवता येते.

वस्तुस्थिती : हैदराबाद समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० मीटर उंचीवर आहे. किनाऱ्यावरच्या शहरांसारखा घामट दमटपणा इथे बहुतेक महिने नसतो आणि रात्री तापमान उतरतं. जानेवारीत पहाटे पारा पंधरा अंशांच्या आसपास असतो. मे महिन्याच्या दुपारी तो चाळिशीला टेकतो, पण तेव्हा सूर्योदयही पावणेसहाच्या सुमारास होतो. साडेपाचला निघून साडेसातला घरी आलं तर उन्हाळाही निभतो. उलट थंडीत सूर्य पावणेसातच्या सुमारास वर येतो. तेव्हा लवकर निघायचं तर पुढचा आणि मागचा दिवा हवाच.

जून ते ऑगस्टमध्ये पश्चिमेचा वारा जोरात वाहतो. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जावं आणि येताना तो पाठीशी घ्यावा. उलट केलं तर दमलेल्या पायांनी वाऱ्याशी झुंजावं लागतं.

गैरसमज ६ : भारी सायकल हवी, आणि चाळिशीनंतर गुडघे जातात.

वस्तुस्थिती : सपाट, चांगल्या मार्गावर बिनगिअरची साधी सायकलही चालते. खर्च करायचाच असेल तर आधी टायर, ब्रेक आणि हेल्मेट यांवर करावा. टायरच्या कडेवर हवेचा दाब छापलेला असतो. तेवढी हवा भरली तर सायकल हलकी चालते आणि पंक्चरही कमी होतात.

सायकलवर शरीराचं बरंचसं वजन सीट पेलते. त्यामुळे धावण्यापेक्षा गुडघ्यांवर पुष्कळ कमी भार येतो. तरीही दुखत असेल तर बहुधा सीट खाली ठेवलेली असते. तपासायची सोपी रीत अशी : सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा आणि पॅडल सगळ्यात खाली न्या. पाय सरळ व्हायला हवा. मग चालवताना पावलाचा पुढचा भाग पॅडलवर आला की गुडघ्यात थोडासा बाक राहतो, आणि तोच योग्य. गिअर असतील तर जड गिअर रेटत बसू नये, हलक्या गिअरवर पाय भरभर फिरवावेत. गुडघ्याचा जुना आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

गैरसमज ७ : गाड्या नाहीत म्हणजे धोका नाही.

वस्तुस्थिती : गाडीमुक्त मार्गावर धोका कमी असतो, पण वेगळा असतो. तिथे चालायला आलेली माणसं असतात, अचानक वळणारी मुलं असतात, कानात इअरफोन घातलेले पळणारे असतात. तीन पदरी मार्गावर तिघांनी शेजारी शेजारी गप्पा मारत जाणं हे समोरून येणाऱ्याला अडवणं आहे. डावीकडून चालवावं, पुढे जाताना घंटी वाजवावी, फोटोसाठी थांबायचं तर सायकल कडेला घ्यावी. हेल्मेट लहानमोठ्या सगळ्यांनी घालावं, कारण डोकं फुटायला समोरून गाडीच यावी लागते असं नाही. वळणावर साचलेली ग्रॅनाइटची बारीक रेतीही पाडते. कुत्री मागे लागली तर वेग वाढवण्याऐवजी उतरावं आणि सायकल आपल्या व कुत्र्याच्या मध्ये धरून चालत निघावं.

सर्वांत मोठा धोका मात्र मार्गावर नाही, मार्गापर्यंत पोचण्यात आहे. आउटर रिंग रोडच्या मुख्य पदरांवर सायकल आणि दुचाकीला मनाई आहे, आणि ती रास्त आहे. कारण तिथे गाड्या ताशी शंभराहून अधिक वेगाने धावतात. पण सर्व्हिस रोड आणि चौक ओलांडूनच सायकल मार्गाशी पोचता येतं. लहान मुलं बरोबर असतील तर सायकली गाडीवर लादून तिथवर न्याव्यात, यात कमीपणा काही नाही.

२३ किलोमीटरचा मार्ग बांधता येतो, तर वस्त्यांपासून त्याच्यापर्यंत सुरक्षित जोडरस्ते आखणंही अशक्य नाही, आणि ही मागणी आपण केली पाहिजे. खर्चाचं कारण दर वेळी खरं नसतं. २०२१ मध्ये रविवारच्या संध्याकाळी हुसेनसागरच्या टँकबंडवर गाड्या बंद ठेवायला सुरुवात झाली, तेव्हा नवं काही बांधावं लागलं नव्हतं, तरी कुटुंबंच्या कुटुंबं तिथे आली. तसे काही तास आपल्या भागातल्या तलावाकाठच्या रस्त्याला मिळावेत, यासाठी सोसायट्यांनी आणि मराठी मंडळांनी पालिकेकडे अर्ज करावा. गंडीपेटच्या पट्ट्याबद्दल नवे आराखडे येतील तेव्हा हरकती आणि सूचना नोंदवाव्यात. जे रस्ते रोज वापरले जातात, त्यांच्या बाजूने बोलणारी माणसं असतात, म्हणून आधी सायकलमध्ये हवा भरा आणि येत्या रविवारी त्या रस्त्यांवर जा.