जुनी फियाट घ्यावी कीं न घ्यावी?

अलीकडे बऱ्याच सुशिक्षित घरांतून एक नवा वाद ऐकूं येतो. घरांतील एखादा मिळवता तरुण कोठें तरी धूळ खात पडलेली जुनी फियाट किंवा पद्मिनी पाहून येतो. मालक ती अगदीं अल्प किंमतीस देण्यास तयार असतो. मग तरुण म्हणतात, ‘इतकी स्वस्त गाडी पुन्हां मिळणार नाहीं’, आणि वडील मंडळी म्हणतात, ‘भंगारास पैसे कोण मोजतो?’ आमच्या मतें दोन्ही पक्ष निकालाची घाई करितात. आधीं गाडीची परीक्षा व्हावी, आणि ती कशी करावी एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

ह्या गाडीविषयीं ममता वाटावी हें स्वाभाविकच आहे. वालचंद हिराचंद ह्यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांत ती तयार होई. इटलींतील फियाट ११०० ची ही भारतीय आवृत्ति. पद्मिनी हें नांव तिला मागाहून मिळालें. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतील शेवटची पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरांत निवृत्त झाली. कित्येक घरांत नववधूचा गृहप्रवेश आणि नवजात बालकाचें आगमन ह्याच गाडींतून झालें आहे. परंतु ममतेच्या पोटीं डोळे झांकून व्यवहार करणें शहाणपणाचें नव्हे.

प्रथम हिची रचना लक्षांत घ्यावी. जीपसारख्या गाडींत खालीं पोलादाचा स्वतंत्र सांगाडा असतो व त्यावर वरचें शरीर बसविलेलें असतें. फियाट ११०० ची रचना १९५३ पासूनच निराळी होती. तिच्यांत सांगाडा आणि शरीर हीं दोन नाहींतच. तळ, दारांखालचा उंबरठा, खांब आणि छप्पर हे पत्रे एकमेकांस जोडलेले असून तेच सर्व भार तोलतात. ह्यावरून गंजाचे दोन प्रकार ठरतात. बॉनेटवरील किंवा दाराच्या पृष्ठभागावरील गंज हा त्वचारोग होय. तो घांसून, रंग देऊन बरा होतो. उंबरठ्यांतील व तळांतील गंज हा अस्थिरोग होय. गाडी कशास आदळली तर आंतील मुलांमाणसांचें रक्षण ह्याच अस्थींनीं करावयाचें असतें. म्हणून गंज किती आहे ह्यापेक्षां तो कोठें आहे, हें आधीं विचारावें.

येथें एका न्यायाची आठवण होते. भाताचें एक शीत दाबून पाहिलें असतां सर्व भात शिजला कीं नाहीं तें कळतें, ह्यास स्थालीपुलाकन्याय म्हणतात. गाडी घेणारा पुष्कळदां नकळत हाच न्याय लावतो. चकचकीत बॉनेट पाहून सर्व गाडी निरोगी समजतो. परंतु भांड्यांतील सर्व शितांस उष्णता सारखी लागते, तसें पाणी गाडीस सर्वत्र सारखें लागत नाहीं. तें सखल जागीं सांचतें, आणि पाणी व हवा मिळाली कीं लोखंड गंजतें. त्यांत मीठ असेल तर अधिकच वेगानें. शिवाय गंज सच्छिद्र असल्यामुळें तो खालच्या लोखंडास झांकीत नाहीं, आंत आंतच खात जातो. समुद्रकांठीं उघड्यावर राहिलेल्या गाडीकडे ह्यास्तव देशावरच्या गाडीपेक्षां अधिक संशयानें पाहावें.

परीक्षेस रुमालांत गुंडाळलेलें लोहचुंबक, विजेरी आणि पेचकस एवढीं साधनें पुरतात. मात्र वेळ दिवसाची असावी. रंगाखालीं पुट्टी जाड भरलेली असेल तेथें चुंबक धरत नाहीं. पायाखालच्या रबरी चटया उचलाव्या. डिकीचा तळ, चाकांवरील कमानी आणि मागील पाटे जेथें शरीरास जोडलेले असतात त्या जागा खालून पाहाव्या. पेचकसाच्या मुठीनें ठोकले असतां निरोगी पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. शेवटीं प्रत्येक दार उघडून किंचित् वर उचलून पाहावें. बिजागरी घट्ट असूनही दार खालीं आलेलें असेल व फटी वेड्यावांकड्या असतील, तर शरीरच खचलें आहे असा संशय घ्यावा.

आतां हिशेब. हिचें १०८९ घनसेंटिमीटरचें इंजिन साधें आहे, आणि इतकीं वर्षें टॅक्सी म्हणून धावल्यामुळें तें जाणणारे जुने मिस्त्री मुंबईंत अद्याप भेटतात. पत्र्याच्या कामाची गोष्ट वेगळी. कुजका भाग कापूं लागल्याखेरीज त्याचा विस्तार कळत नाहीं, म्हणून पहिला अंदाज क्वचितच खरा ठरतो. आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत दोन गाड्यांचा विचार चालला होता. एक रंगविलेली, चालू आणि स्वस्त. दुसरी सोलापूरकडची, फिकी, इंजिन बंद, आणि किंमतही अधिक. पैसा सामायिक होता व त्यांतूनच धाकट्या मुलीच्या शिक्षणाची तजवीज व्हावयाची होती. पुतण्यानें दोहींच्या चटया उचलल्या. पहिलीच्या चटईखालीं पत्र्याऐवजीं रस्ता दिसला! त्यांनीं दुसरी घेतली, आणि मुलीची रक्कम शिल्लक राहिली.

कागदपत्रांची उपेक्षा करूं नये. नोंदणीपुस्तकांतील इंजिनाचे व चॅसिसचे क्रमांक गाडीवरील क्रमांकांशीं ताडून पाहावे. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. पुढें तपासणी होऊन ती ५-५ वर्षांसाठीं नवी करून घ्यावी लागते. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून अधिक जुनी, मूळ रूप राखलेली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदतां येते. परंतु अशी गाडी रोजच्या वापरास चालत नाहीं. मुलांना शाळेंत पोंचविण्यासाठीं गाडी हवी असेल, तर तो मार्ग आपला नव्हे.

तात्पर्य असें. अस्थि निरोगी, कागद स्वच्छ आणि दुरुस्तीचा खर्च अंदाजाच्या दुप्पट झाला तरी घरचें कोणतेंही आवश्यक काम अडणार नसेल, तर इंजिन बंद असलें तरी गाडी खुशाल घ्यावी. ह्यांपैकीं एक जरी गोष्ट नसेल तर ती फुकट मिळाली तरी महागच. आणि वडील मंडळींस आमची एक विनंति: घरीं बसून नकार देऊं नका. मुलाबरोबर जा, चटई स्वतः उचला. मग जो निर्णय होईल तो सर्वांस पटेल.