काचेच्या टाकीतील प्रवाळ

पोवळ्याची माळ बहुतेकांनी पाहिलेली असते. तिचे लाल मणी एखाद्या दगडाचे असावेत असे वाटते. परंतु पोवळे म्हणजे समुद्रातील इवल्याशा प्राण्यांनी उभारलेला सांगाडा होय. अशा प्राण्यांना प्रवाळ म्हणतात. त्यांच्या अनेक जाती आहेत. माळेतील लाल पोवळे एका प्रकारचे, तर उष्ण प्रदेशांतील उथळ व नितळ समुद्रात मैलोगणती खडक रचणारी प्रवाळे निराळ्या प्रकारची. ह्या दुसऱ्या प्रकारात सांबराच्या शिंगांप्रमाणे फांद्या फुटणारी प्रवाळे आहेत. शास्त्रज्ञ त्यांना ‘अ‍ॅक्रोपोरा’ म्हणतात. प्रवाळांच्या समुद्रापासून हजारो किलोमीटर दूर राहणारे काही हौशी लोक ही प्रवाळे घरातील काचेच्या टाकीत वाढवितात. ते हे कसे साधतात?

प्रवाळाची एक फांदी म्हणजे एक प्राणी नव्हे. टाचणीच्या डोक्याएवढे शेकडो प्राणी तीवर दाटीने राहतात. त्यांतील प्रत्येकास ‘पॉलिप’ असे नाव आहे. पाण्यात विरघळलेला चुना घेऊन पॉलिप स्वतःच्या अंगाखाली कठीण घर रचतो, आणि अशा घरांवर घरे चढून फांदी लांबत जाते. पॉलिपच्या शरीरात एक सूक्ष्म शैवल वसतीस असते. हे शैवल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते व त्यातील पुष्कळसा भाग यजमानास देते. त्याच्या मोबदल्यात पॉलिप शैवलास आसरा देतो. प्रवाळाचा मोहक रंगही काही अंशी ह्या शैवलामुळेच असतो.

ह्यावरून प्रवाळाच्या गरजा ध्यानात येतील. शैवलासाठी भरपूर प्रकाश हवा, घर रचण्यासाठी चुना हवा आणि पाणी स्वच्छ व सतत हालते असावे लागते. इंडोनेशियातील जाकार्ता शहरी राहणाऱ्या ली चिन एंग ह्यांनी सूर्यप्रकाश, समुद्राचे पाणी आणि समुद्रातील सजीव खडक ह्यांच्या साहाय्याने टाकीत सागरी जीव जगविले व १९६१ साली आपल्या पद्धतीची माहिती प्रसिद्ध केली. त्यांना समुद्र जवळ होता. जर्मनीतील बर्लिन शहराची गोष्ट वेगळी. उष्ण समुद्र तेथून फार दूर आणि हिवाळ्यातील ऊन अगदी मंद. तरीही तेथील हौशी लोकांनी १९८० नंतरच्या दशकात प्रखर दिव्यांच्या प्रकाशात कठीण प्रवाळे वाढविली. त्यांची रीत ‘बर्लिन पद्धती’ ह्या नावाने जगभर पसरली.

ह्या पद्धतीत प्रथम शुद्ध केलेल्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम समुद्री क्षार मिसळतात. साधे नळाचे पाणी चालत नाही. त्यात तांब्याचा अल्पसा अंश असला, तरी तो ह्या जीवांना घातक ठरतो. मग टाकीत सच्छिद्र खडक रचतात. त्यांच्या छिद्रांत राहणारे जीवाणू माशांच्या मलमूत्रातील विषारी द्रव्ये नाहीशी करतात. हे जीवाणू पुरेसे वाढण्यास वेळ लागतो. म्हणून जाणता माणूस नव्या टाकीत लगेच प्रवाळ ठेवीत नाही, तो काही महिने थांबतो. गुऱ्हाळात उसाचा रस उकळताना काहिलीवर येणारी मळी झाऱ्याने काढून टाकतात. टाकीच्या पाण्यातही बारीक बुडबुडे सोडून फेस आणतात, आणि फेसाला चिकटलेली घाण यंत्राच्या साहाय्याने बाहेर काढतात.

टाकीतील पाण्याची रोज थोडी वाफ होते. मीठ मात्र मागेच राहते. त्यामुळे ही तूट गोड्या पाण्यानेच भरून काढावी लागते. तेथे खारे पाणी घातले, तर खारेपणा दिवसेंदिवस वाढत जाईल. प्रवाळ वाढू लागले की पाण्यातील चुनाही कमी होतो. ह्यावर बर्लिनकरांनी सोपा उपाय योजला. चुना पाण्यात कालवून वर आलेली निवळी घ्यावयाची, आणि ती रात्रभर थेंब थेंब टाकीत सोडावयाची. एका युक्तीने पाण्याची तूट भरते आणि चुनाही मिळतो. निवळी एकदम ओतली, तर मात्र प्रवाळ दगावण्याचा संभव असतो.

खरी कसोटी येथेच आहे. पाण्याची उष्णता २५ ते २६ अंश सेल्सियस राखावी लागते. खारेपणा, चुना व प्रकाश ह्यांतही एकाएकी बदल होऊ देता येत नाही. पाणी थोडेसे अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आपल्यातील शैवल बाहेर टाकते व पांढरे फटक पडते. पाणी वेळीच निवले नाही, तर ते उपासमारीने मरते. वीज काही तास गेली, पाणी हलविणारे पंप थांबले, तर वर्षांची मेहनत एका रात्रीत वाया जाऊ शकते. म्हणून प्रवाळ पाळणे म्हणजे वास्तविक पाणी राखणे होय.

गुलाबाची फांदी लावून नवे झाड करतात, तसेच ह्या प्रवाळाचेही करता येते. तीन-चार सेंटिमीटरांचा तुकडा तोडून लहानशा दगडावर चिकटविला, की तो मूळ धरल्यासारखा पसरतो व त्याला फांद्या फुटू लागतात. ह्या रीतीने एका टाकीतील प्रवाळ अनेक घरी जाते. त्यासाठी समुद्रातील खडक फोडावा लागत नाही.

ही केवळ हौस राहिली नाही. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगत उजाड होत चाललेल्या प्रवाळखडकांसाठी शास्त्रज्ञांनी समुद्रातच अशा तुकड्यांच्या रोपवाटिका केल्या आहेत. जुलै २०२३ मध्ये तेथील समुद्र विलक्षण तापला. तेव्हा हजारो तुकडे घाईघाईने उचलून जमिनीवरील टाक्यांत आणण्यात आले. खुल्या समुद्रात राहिलेली फांद्यांची प्रवाळे बहुतेक मेली. टाक्यांत आणलेल्या पुष्कळशा प्रवाळांचे प्राण वाचले.

आपल्या मालवणच्या समुद्रातही कठीण प्रवाळे आहेत. भारतात २००१ पासून अशा प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे पूर्ण संरक्षण आहे. ती समुद्रातून काढणे वा विकणे हा गुन्हा ठरतो. तेव्हा ती समुद्रातच पाहावीत, हे योग्य. शेकडो लिटरांच्या टाकीचे पाणी एका अंशाने तापू नये, म्हणून एक माणूस रात्रंदिवस जपतो. समुद्राला असा एकच राखणदार पुरणार नाही. त्याचे पाणी राखण्याचे काम सर्वांचे आहे.